लिव्हर कॅन्सरच्या रक्तचाचणीची बातमी छापताना तुलना कोणाशी केली तेही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मध्ये मध्ये पेपरात आणि व्हॉट्सॲपवर एक बातमी फिरत असते, रक्ताच्या थेंबावरून लिव्हरचा कॅन्सर कळणार, तोही गाठ दिसायच्या आधी, ९० टक्के अचूक वगैरे. कधी चीनची असते कधी सिंगापूरची कधी अमेरिकेची, पण बातमीचा साचा तोच. मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बरीच वर्षं रक्तच हाताळतेय, आणि अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी काउंटरवर कोणीतरी मोबाइल पुढे करून विचारतंच, मॅडम ही नवीन टेस्ट तुमच्याकडे होते का, आमच्या भावाला करायची होती. सकाळच्या गर्दीत त्यांना जे सांगता येत नाही ते इथे लिहितेय. पत्र लांबलंय पण शक्यतो कापू नका.

आधी हे सांगते की हे संशोधन खरं आहे, कोणी थापा मारत नाहीये, आणि त्याची गरजही फार मोठी आहे. लिव्हरचा कॅन्सर गुपचूप वाढतो. लिव्हरचा बराच भाग खराब होईपर्यंत माणूस हिंडतो फिरतो, शेतात जातो, लग्नात पंगतीला बसतो, आणि मग पोटात पाणी झालं, कावीळ उतरेना, वजन घटलं म्हणून सीटी स्कॅन होतो तेव्हा गाठ हाताबाहेर गेलेली असते. २०२२ मध्ये जगात ८ लाख ६० हजारांच्या वर नवे पेशंट सापडले आणि त्याच वर्षात साडेसात लाखांच्या वर माणसं या कॅन्सरने गेली. सापडलेल्यांचा आणि गेलेल्यांचा आकडा इतका जवळ असणं यातच सगळं आलं. आणि हीच गाठ लहान असताना सापडली तर ती कापून काढता येते, सुई घालून जाळता येते, एकच गाठ ५ सेंटीमीटरपर्यंत असेल किंवा तीनपर्यंत गाठी असून कोणतीच ३ सेंटीमीटरपेक्षा मोठी नसेल तर ट्रान्सप्लांटचाही विचार होतो (हा मिलानचा निकष, १९९६ पासून जगभर वापरतात). तेव्हा लवकर शोधणारी टेस्ट हवी याबद्दल वादच नाही.

आज आमच्याकडे रक्तातली जी टेस्ट आहे ती एएफपी, म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन. १९६३ साली मॉस्कोत अबेलेव नावाच्या शास्त्रज्ञांना लिव्हरची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात ते सापडलं आणि पुढच्याच वर्षी तातारिनोव यांना ते माणसांतही दिसलं. म्हणजे साठ वर्षं झाली आणि अजून आपण मुख्यतः त्याच टेस्टवर आहोत. तिचं दुखणं असं की गाठ लहान असताना एएफपी बऱ्याचदा नॉर्मलच येतं, आणि उलट गरोदर बाईत वाढतं, हेपटायटिस (लिव्हरची सूज) भडकला की वाढतं, काही वेगळ्याच कॅन्सरमध्येही वाढतं. आमच्याकडे एएफपी थोडं वाढलेला रिपोर्ट बघून घरातले रडायलाच लागतात आणि एएफपी नॉर्मल आलं की निर्धास्त होऊन सोनोग्राफी टाळतात, दोन्ही चूक.

म्हणून गेली पंधरा-वीस वर्षं शास्त्रज्ञ जीन एक्स्प्रेशनकडे वळलेत. हे समजवायला मी सातबाऱ्याचं उदाहरण देते. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाच्या नावावर, ते सहजासहजी बदलत नाही, तसा आपला डीएनए. आणि नमुना बारा म्हणजे पीक पाहणी, या हंगामात त्या रानात काय उभं आहे, तसं जीन एक्स्प्रेशन. कोणती जीन आत्ता चालू आहे आणि किती जोरात चालू आहे हे तिच्यावरून निघालेल्या आरएनए नावाच्या नकलांच्या प्रमाणावरून मोजतात. शरीरात काही बिनसलं की ही नोंद बदलते, हा या टेस्टचा फायदा, आणि कशानेही बदलते, साध्या तापानेसुद्धा, हीच तिची अडचण.

यात दोन वाटा आहेत आणि बातमीत त्या नेहमी एकमेकांत मिसळलेल्या असतात. एका वाटेने रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासतात. गाठीच्या आसपास शरीराची जी प्रतिकारशक्ती कामाला लागते तिचे पडसाद या पेशींच्या जीन्सवर उमटतात असा त्यामागचा विचार. सिंगापूरच्या नॅशनल कॅन्सर सेंटरच्या लोकांनी २०१४ मध्ये अशाच तीन जीन्सचा संच मांडला होता, सीएक्ससीआर२, सीसीआर२ आणि ईपी४००. त्यातल्या पहिल्या दोन जीन्स म्हणजे पांढऱ्या पेशींना कुठे धावून जायचं ते कळवणाऱ्या रिसेप्टरच्या. दुसऱ्या वाटेने प्लाझ्मा किंवा सिरममधले, म्हणजे पेशी बाजूला काढल्यावर रक्ताचं जे पाणी उरतं त्यातले, मायक्रोआरएनए मोजतात, हे आरएनएचे अगदी छोटे तुकडे, साधारण बावीस अक्षरांचे, जे दुसऱ्या जीन्सना लगाम घालतात. यांच्या शोधालाच २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, अँब्रोस आणि रुवकुन यांना. एरवी आरएनए फार नाजूक असतो पण हे तुकडे प्रोटीनला चिकटून किंवा बारीक पिशव्यांत बसून रक्तात टिकून राहतात, म्हणून टेस्टसाठी सोयीचे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले त्या गोष्टीकडे येते. शांघायच्या झोंगशान हॉस्पिटलच्या टीमने २०११ मध्ये सात मायक्रोआरएनएंचा एक संच प्रसिद्ध केला, त्यात लिव्हरमध्ये सगळ्यात जास्त असणारा मिर-१२२ होता, मिर-२१ होता, मिर-२२३ होता. एकूण ९३४ माणसांचं रक्त तपासलं होतं, काही निरोगी, काही जुना हेपटायटिस बी असलेले, काही सिऱ्हॉसिसचे (लिव्हर कडक झालेले) आणि काही कॅन्सरचे. या कामावरूनच पुढे किट तयार झालं आणि २०१७ मध्ये चीनच्या नियामकाने त्याला मान्यताही दिली. म्हणजे ही या क्षेत्रातली चांगल्यात चांगली गोष्ट म्हणायला हरकत नाही. अशा टेस्टला मार्क देण्याची एक पद्धत असते, एक कॅन्सरचा पेशंट आणि एक कॅन्सर नसलेला माणूस घ्यायचा आणि टेस्ट दोघांतला कॅन्सरवाला किती वेळा बरोबर ओळखते ते बघायचं. नुसता छापा-काटा केला तर ०.५ आणि कधीच चुकली नाही तर १. या सात मायक्रोआरएनएंच्या संचाला निरोगी माणसांसमोर ०.९४१ मार्क मिळाले. सिऱ्हॉसिसवाल्यांसमोर ०.८८४. आणि हेपटायटिस बी असलेल्यांसमोर ०.८४२.

हे तीन आकडे जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. टेस्ट तीच, मशीन तेच, कॅन्सरचे पेशंट तेच, फक्त समोर कोण उभं केलं ते बदललं आणि मार्क उतरले. कारण सरळ आहे, मिर-१२२ हा लिव्हरच्या पेशी फुटल्या की रक्तात येतो, मग त्या कॅन्सरने फुटोत की काविळीने की दारूने. ज्याचं लिव्हर ठणठणीत आहे त्याच्यासमोर आजारी लिव्हर ओळखणं सोपं आहे. पण आपल्याला कॅन्सर शोधायचाय तो ठणठणीत माणसांत नाहीच मुळी, तो होतो बहुतेक करून ज्यांचं लिव्हर आधीच वर्षानुवर्षं सुजलेलं किंवा कडक झालेलं आहे त्यांना, आणि टेस्टची खरी परीक्षा तिथेच. बातमीत मात्र येतो तो बहुतेक वेळा सगळ्यात मोठा आकडा, आणि शेजारचे दोन लहान आकडे कोणाला दिसतच नाहीत. शांघायच्या लोकांनी तिन्ही आकडे मोकळेपणाने दिलेत हे मला फार आवडलं, गाळले जातात ते आपल्याकडे पोचेपर्यंत वाटेत.

दुसरं एक काम मला त्याहून महत्त्वाचं वाटतं, ग्वांगझूच्या सुन यत-सेन विद्यापीठाचं, २०१५ मधलं. त्यांनी वेगळे सात मायक्रोआरएनए घेतले (मिर-१९२ तेवढा दोन्ही याद्यांत आहे, बाकी सगळे वेगळे, आणि हीसुद्धा विचार करण्यासारखीच गोष्ट आहे). पण त्यांनी एक चांगलं केलं, ज्यांना पुढे कॅन्सर झाला त्यांचं कॅन्सर कळायच्या आधी साठवून ठेवलेलं रक्त काढून तपासलं. खरी लवकर शोधणारी टेस्ट आहे का हे असंच कळतं, कारण हॉस्पिटलात ॲडमिट असलेल्या पेशंटचा कॅन्सर ओळखणं वेगळं आणि ज्याला अजून काहीच होत नाहीये त्याचा ओळखणं वेगळं. अशी माणसं होती २७. निदानाच्या १२ महिने आधीच्या रक्तात त्यांच्या टेस्टने ८ जण पकडले, एएफपीने २. आता ८ हे २ पेक्षा चौपट आहेत, यात आशा आहेच आणि ती मला खरंच वाटते. पण २७ मधले १९ जण त्या टेस्टमधूनही सुटले आणि अख्खा निष्कर्ष २७ माणसांवर उभा आहे, हे दोन्ही बातमीत यायला हवं की नको?

आणि समजा टेस्ट ९० टक्के अचूक आहे असंच धरलं, म्हणजे कॅन्सर असलेल्या १०० पैकी ९० पकडते आणि नसलेल्या १०० पैकी ९० ना सोडते. मिरज-सांगलीतल्या रस्त्यावरच्या कोणत्याही १०,००० माणसांना ती केली आणि त्यात ५ जणांना खरंच लिव्हर कॅन्सर आहे असं मानलं तर टेस्ट त्यातले चार-पाच पकडेल आणि सोबत जवळपास १००० निरोगी माणसांच्या हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट देईल. ती हजार माणसं सीटी स्कॅनच्या रांगेत, रात्रीची झोप उडालेली, कोणी दागिने गहाण टाकलेले. तीच टेस्ट सिऱ्हॉसिसच्या १००० पेशंटना केली आणि त्यात २० जणांना कॅन्सर आहे असं धरलं तर १८ सापडतील आणि चुकीचे पॉझिटिव्ह ९८ येतील, हे डॉक्टरांना झेपणारं आहे, कारण त्या माणसांना स्कॅन तसाही लागणारच असतो. म्हणून मला काळजी वाटते ती फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजची, ज्यात आत्ताच ट्यूमर मार्कर म्हणून एएफपी सरसकट घातलेलं असतं, उद्या ही नवी टेस्टही त्याच पॅकेजात दोन-तीन हजार जास्त लावून येईल आणि ज्याला गरज नाही तो करून घेईल.

आता जरा माझ्या टेबलावरचं सांगते, कारण हे बातमी लिहिणाऱ्यांना कोणी सांगत नसावं. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून आमच्याकडे दुपारी डबा येतो, आत बर्फाच्या पिशव्या, जांभळ्या टोपणाच्या ट्यूब, लाल टोपणाच्या ट्यूब, सकाळी सातला काढलेलं रक्त एक-दीड वाजता पोचतं, उन्हाळ्यात बर्फ वितळून नुसतं पाणी झालेलं असतं. सीबीसीला किंवा शुगरला नियम पाळले तर हे चालून जातं. पण ट्यूबमधल्या पांढऱ्या पेशी जिवंत असतात हो, शरीराबाहेर आल्या, थंडी लागली, हलल्या, की त्यांच्या जीन्स बदलायला लागतात. सहा तासांनी आपण जे मोजू ते पेशंटच्या शरीरातलं असेल की डब्यातल्या प्रवासातलं? यावर उपाय आहे, आतच आरएनए गोठवून ठेवणारं औषध असलेल्या वेगळ्या ट्यूब मिळतात, पॅक्सजीन म्हणतात, त्यात अडीच मिली रक्त थेट घ्यायचं आणि आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करायची, पण ती महाग आहे आणि तालुक्याच्या सेंटरवर मी तरी अजून बघितलेली नाही. मायक्रोआरएनएचंही तसंच. घाईत सिरिंजने रक्त ओढून जोरात ट्यूबमध्ये सोडलं की लाल पेशी फुटतात, सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचं पाणी पिवळसर यायच्या ऐवजी गुलाबी येतं, आम्ही म्हणतो सॅम्पल हिमोलाइज झालं. लाल पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात, ते सगळे प्लाझ्मात उतरतात. आणि अशा बऱ्याच अभ्यासांत मिर-१६ हाच बाकीचे मोजायला आधार म्हणून धरलेला असतो. म्हणजे मोजपट्टीच लांब झाली. मोठ्या संशोधन केंद्रात हे सगळं काटेकोर होतं, आमच्याकडे रोजच्या धावपळीत होईल का हा प्रश्न टेस्टच्या अचूकतेइतकाच मोठा आहे, आणि ट्रेनिंग मिळालं तर होईलही, आमच्या पोरी हुशार आहेत, पण आधी कोणी ते ट्रेनिंग द्यायला तर हवं.

या सगळ्या नव्याच्या नादात जे हातात आहे ते राहून जातं याचं मला जास्त वाईट वाटतं. त्याच शांघायमध्ये १८,८१६ माणसांवर एक मोठी चाचणी झाली होती, सगळे ३५ ते ५९ वयाचे, हेपटायटिस बी होऊन गेलेले किंवा जुनं लिव्हरचं दुखणं असलेले. निम्म्यांना दर सहा महिन्यांनी एएफपी आणि सोनोग्राफी, बाकीच्यांना नेहमीसारखं. २००४ मध्ये निकाल छापून आला, तपासणीच्या गटात लिव्हर कॅन्सरने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी. आणि हे कधी, तर ठरलेल्या तपासण्यांपैकी जेमतेम ५८ टक्केच झाल्या होत्या तेव्हा. तीच साठ वर्षं जुनी टेस्ट आणि गावोगावी मिळणारी सोनोग्राफी, फक्त वेळच्या वेळी केली. आपल्याकडच्या लिव्हरच्या डॉक्टरांच्या संघटनेचाही सल्ला तोच आहे, सिऱ्हॉसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, आणि हेपटायटिस बी असलेल्यांत वय, घरातला इतिहास वगैरे बघून डॉक्टर ठरवतात.

प्रत्यक्षात काय होतं सांगते. तरुण मुलगा रक्तदान शिबिरात रक्त देतो, ब्लड बँकेतून बोलावणं येतं, एचबीएसएजी रिॲक्टिव्ह, म्हणजे हेपटायटिस बी ची टेस्ट पॉझिटिव्ह. तो आमच्याकडे परत टेस्ट करतो, परत रिॲक्टिव्ह. चेहरा उतरतो, हळूच विचारतो, मॅडम लग्न ठरतंय, रिपोर्ट घरी पाठवू नका. मग तो रिपोर्ट घडी घालून पाकिटात जातो आणि पुढे कपाटात. मग बरीच वर्षं कोणी काही तपासत नाही, कारण त्याला काही होतच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात भारतात हेपटायटिस बी असलेले अंदाजे २ कोटी ९८ लाख आणि हेपटायटिस सी असलेले ५५ लाख लोक धरलेत, २०२२ सालचा अंदाज. यातल्या बहुतेकांना आपल्याला हे आहे हेच माहीत नाही. २८ जुलै २०१८ पासून केंद्राचा राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस कार्यक्रम चालू आहे, सरकारी दवाखान्यात टेस्ट आणि औषधं दोन्ही मोफत, हेपटायटिस सी तर गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, बी दाबून ठेवता येतो आणि कॅन्सरचा धोकाही कमी होतो. हे किती वाचकांना माहीत आहे? जन्मल्यावर २४ तासांत बाळाला जी हेपटायटिस बी ची लस देतात ती लिव्हर कॅन्सरपासून वाचवणारी लस आहे हे किती आयांना कोणी सांगितलंय? तैवानने १९८४ मध्ये बाळांना ती लस द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांमधला लिव्हर कॅन्सर खरोखर घटला, हे सिद्ध झालेलं आहे.

संशोधन थांबवा असं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट माझं म्हणणं आहे की ते आपल्याकडेही व्हावं, कारण वरचे दोन्ही चिनी अभ्यास मुख्यतः हेपटायटिस बी च्या माणसांवर झालेत आणि आपल्याकडे त्यासोबत दारू आहे, फॅटी लिव्हर आणि शुगर घराघरात आहे, त्यांच्या रक्तात हेच मायक्रोआरएनए तसेच वागतील असं धरून चालणार नाही. आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत लिव्हर ओपीडीला येणाऱ्या सिऱ्हॉसिसच्या पेशंटचं रक्त, त्यांची परवानगी घेऊन, दर सहा महिन्यांच्या सोनोग्राफीच्या वेळी थोडं साठवून ठेवलं तर पाच-सात वर्षांनी ग्वांगझूसारखाच अभ्यास इथे होऊ शकेल, तोही २७ पेक्षा कितीतरी जास्त माणसांवर. त्याला फ्रीजर लागतील, वीज न जाणारी जागा लागेल, नोंदी ठेवणारा माणूस लागेल. हे महाराष्ट्राला परवडणार नाही असं मला वाटत नाही.

आणि तुमच्याकडे दोन मागण्या. पुढच्या वेळी अशी बातमी आली की तुमच्या प्रतिनिधीने एवढं विचारावं, समोर निरोगी माणसं होती की लिव्हरचे पेशंट, किती जण होते, सापडलेल्या गाठी केवढ्या होत्या, आणि रक्त आजार कळायच्या आधीचं होतं की नंतरचं. चार ओळी जास्त लागतील, द्या. दुसरं, २८ जुलैला जागतिक हेपटायटिस दिन असतो, त्या दिवशी पहिल्या पानावर एक छोटी चौकट टाका, आपल्या जिल्ह्यात एचबीएसएजीची मोफत टेस्ट कुठे होते, रिॲक्टिव्ह आली तर कोणत्या ओपीडीला कोणत्या वारी जायचं, आणि सोबत घरच्या सगळ्यांची टेस्ट करून घ्या आणि निगेटिव्ह असतील त्यांना लस द्या एवढंच. ती चौकट कापून मी आमच्या काउंटरच्या काचेवर लावेन, बाकीच्या लॅबवाल्यांनाही पाठवेन.

आपली,
एक नियमित वाचक
(लॅब टेक्निशियन), मिरज